निरोप पुसणाऱ्याचा इतिहास

निरोप पोचवणाऱ्याचे कौतुक होते. तो पुसणाऱ्याकडे सहसा कोणी पाहत नाही. पेशीविज्ञानाच्या इतिहासातही काही काळ असेच झाले.

१९५८ मध्ये अर्ल सदरलँड आणि थिओडोर रॉल यांनी चक्रीय एएमपी या रेणूची ओळख करून दिली. संप्रेरक पेशीच्या दाराशी थांबते. आत वर्दी देतो तो हा 'दुसरा निरोप्या'. या संशोधनासाठी सदरलँड यांना १९७१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु न मिटणारा निरोप म्हणजे नुसता कोलाहल. हा रेणू मोडणाऱ्या फॉस्फोडायएस्टरेज या विकराचे वर्णन सदरलँड यांनीच बुचर यांच्यासह १९६२ मध्ये केले. कॅफीन या विकराला अडवते, हेही त्यांनी दाखवले. मोडण्याची ही क्रिया मात्र दीर्घकाळ निव्वळ झाडलोट मानली गेली.

१९७० मध्ये अमेरिकेत वाय यिउ चेउंग गाईगुरांच्या मेंदूतून हा विकर शुद्ध करीत होते. शुद्धता वाढली तशी त्याची शक्ती घटली. गाळून टाकलेला अंश परत मिसळताच ती परतली. संहिता शुद्ध करताना संपादकाने क्षेपक म्हणून वगळलेल्या ओळीतच अर्थाची किल्ली असावी, तसा हा प्रकार. त्याच वर्षी जपानमध्ये शिरो काकिउची यांना स्वतंत्रपणे असाच उत्तेजक घटक सापडला आणि त्याचे कार्य कॅल्शियमवर अवलंबून असल्याचे त्यांनी दाखवले. १९७३ मध्ये कॅनडातील तेओ आणि वांग यांनी हे धागे जुळवले: तो घटक म्हणजे कॅल्शियम धरून ठेवणारे प्रथिनच होते.

पुढे त्याला 'कॅल्मोड्युलिन' हे नाव मिळाले. १४८ अमिनो आम्लांच्या या साखळीत कॅल्शियमच्या चार आयनांना जागा आहे. विसावलेल्या पेशीत बाहेरच्यापेक्षा सुमारे १०,००० पटींनी कमी मुक्त कॅल्शियम असते. ते वाढले की हे प्रथिन आकार बदलते, विकराला बिलगते आणि त्याच्यावरचा आतला अडसर दूर होतो. मानवी पेशींत या कुळातील विकरांची तीन जनुके आहेत, आणि हे विकर चक्रीय एएमपी व चक्रीय जीएमपी दोहोंनाही मोडतात.

याहून विलक्षण गोष्ट अशी, की मेंदूत हेच कॅल्मोड्युलिन चक्रीय एएमपी घडवणाऱ्या काही विकरांनाही चेतवते. लिहिणे आणि पुसणे ही दोन्ही कामे एकाच्याच हुकमाने चालतात. कोणते केव्हा, हे ठरते त्या जागी कोणता विकर हजर आहे यावर.

म्हणून या शोधाचे श्रेय वाटताना केवळ 'प्रथम कोण' एवढेच विचारणे अपुरे आहे. एकाने हरवलेली शक्ती शोधली, दुसऱ्याने कॅल्शियम ओळखले, तिसऱ्यांनी दोन्ही एका प्रथिनात पाहिले. नव्या नावात मात्र त्या जुन्या विकराची खूण उरली नाही. पुसणाऱ्यामुळे सापडलेल्या प्रथिनाच्या नावातून पुसणाराच पुसला गेला.