रिकाम्या छायाचित्राची साक्ष

मौनाला पुरावा मानावे का? इतिहासाच्या अभ्यासकांचा हा जुना वाद. या धाग्यात त्याचे उत्तर थोडे आकाशात शोधू.

२४ ऑगस्ट २०११. कॅलिफोर्नियातील पालोमार पर्वतावरच्या दुर्बिणीने सप्तर्षींतील वसिष्ठ आणि मरीची यांच्याजवळच्या एम १०१ या दीर्घिकेचे छायाचित्र टिपले. त्यात एक नवा, अंधूक ठिपका होता : अतिनवतारा, म्हणजे सुपरनोव्हा. दीर्घिका सुमारे २ कोटी १० लाख प्रकाशवर्षे दूर. तारा फुटला तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता. पुढे त्याचे तेज शिगेला पोचले ते अनंत चतुर्दशीच्या सुमारास. लहान दुर्बिणीतूनही तो दिसू शकत होता, पण कुरुंदवाडपासून समुद्रपूरपर्यंत आपले आकाश तेव्हा पावसाळी!

कुरुंदवाडचा उल्लेख सहज नाही. पालोमार ट्रान्झियंट फॅक्टरी या सर्वेक्षणाचे प्रमुख श्रीनिवास कुलकर्णी यांचा जन्म तिथला, १९५६ चा. त्यांची पद्धत दप्तर ताडून पाहण्यासारखी होती. त्याच आकाशाची छायाचित्रे पुनःपुन्हा घ्यायची, नव्यातून जुने वजा करायचे. उरेल ते संगणकाने पुढे करायचे, माणसाने पारखायचे. हा ठिपका पारखला पीटर न्यूजंट यांनी.

माझ्या मते सर्वांत मोलाचे छायाचित्र मात्र आदल्या रात्रीचे. त्यात ती जागा कोरी होती. ही कोरी जागा आणि नंतर चढत गेलेले तेज यांवरून निष्कर्ष निघाला की, पहिल्या नोंदीच्या वेळी स्फोट होऊन जेमतेम ११ तास झाले होते. हबल दुर्बिणीच्या जुन्या छायाचित्रांतही तिथे तारा आढळला नाही. त्यामुळे फुटलेल्या श्वेत बटूच्या जोडीला तेजस्वी तांबडा महाकाय तारा असण्याची शक्यता मावळली.

हे मौन बोलते, कारण किती मंद ताऱ्यापर्यंत त्या दुर्बिणींची नजर पोचत होती, हे ठाऊक आहे. १०५४ सालच्या अतिनवताऱ्याबाबत तसे नाही. चिनी ज्योतिषांनी तो नोंदवला. भारतीय ग्रंथांत त्याची निर्विवाद नोंद मिळालेली नाही. त्यावरून इथे कोणी तो पाहिलाच नाही, असे म्हणता येत नाही. तो उगवला जुलैत, ऐन पावसाळ्यात. पण रात्रीच्या आकाशात जवळजवळ दोन वर्षे दिसत राहिला.