शितावरून भाताची परीक्षा

भात शिजला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं गृहिणी सारें पातेलें उपसून पाहत नाहीं. एक शीत बोटांत दाबते आणि निर्णय देते. तो सहसा चुकत नाहीं, कारण एकाच पातेल्यांत एकाच आंचेवर शिजलेलीं शितें एकमेकांसारखीं असतात. परंतु एखाद्या देशांतील मुलांना गणित कितपत येतें हें ठरवावयाचें झालें, तर काय करावें? तेथें पातेलें एक नसतें, हजारों असतात. एकाखालीं जाळ मोठा, दुसऱ्याखालीं मंद. त्यांतलीं कोणतीं पातेलीं घ्यावीं, आणि प्रत्येकांतून किती शितें घ्यावीं? या प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

अंशावरून समग्राचें अनुमान करण्याची कल्पना नॉर्वेच्या सांख्यिकी खात्याचे प्रमुख किएर यांनीं १८९५ सालीं बर्न येथें आंतरराष्ट्रीय सांख्यिकी संस्थेपुढें मांडली, तेव्हां ती पुष्कळांना रुचली नाहीं. सर्व मोजल्यावांचून शास्त्र कसलें, असा त्यांचा आक्षेप होता. पुढें १९३४ सालीं येर्झी नेमन या पोलिश गणितज्ञानें लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढें सिद्ध केलें कीं, नमुना कोणाच्या पसंतीनें न निवडतां चिठ्ठ्या टाकाव्या तसा यदृच्छेनें निवडला, तर अनुमानांत चूक किती संभवते याचेंहि गणित मांडतां येतें. सातारा जिल्ह्यांतील बुध या गांवीं १९११ सालीं जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे फर्ग्युसन कॉलेजांतून पदवी घेऊन लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत गेले. तेथें ते हेंच शास्त्र शिकले, आणि स्वदेशीं परतल्यावर त्यांनीं तें पिकाच्या उत्पन्नाचा अंदाज घेण्याकडे लावलें. शेतें निवडण्याचे जे नियम, तेच मूलतः शाळा निवडण्याचेहि आहेत.

शाळांच्या बाबतींत अडचण अशी कीं, देशांतील सर्व विद्यार्थ्यांची एक यादी बहुधा कोठेंच नसते. शाळांची मात्र असते. म्हणून आधीं शाळा निवडावयाच्या आणि मग त्यांतून मुलें, अशा दोन पायऱ्या कराव्या लागतात. आतां साठ मुलांची शाळा आणि सहाशें मुलांची शाळा यांची चिठ्ठी सारखीच धरली, तर मोठ्या शाळेंतील मुलावर अन्याय होतो. यावरील तोड अमेरिकेंतील हॅन्सन व हर्विट्झ यांनीं १९४३ सालीं प्रसिद्ध केली. शाळेच्या पटाच्या प्रमाणांत तिला संधि द्यावी, आणि निवडलेल्या प्रत्येक शाळेंतून मुलें मात्र सारखींच घ्यावीं. मोठ्या शाळेला दसपट संधि. पण तेथें सहाशेंतून तीस घेतल्यामुळें एका मुलाची पाळी विसांत एक. लहान शाळेला संधि थोडी. पण साठांतून तीस घेतल्यामुळें तेथील पाळी दोहोंत एक. गुणाकार केला कीं दोन्हीं मुलांची संधि सारखीच भरते!

यापुढें आणखी एक खोंच आहे. एका शाळेंतील मुलें एकाच वस्तींतून येतात, एकाच गुरूजवळ शिकतात. तीं एकमेकांसारखीं होतात. समजा, शंभर शाळांतून प्रत्येकीं एकवीस याप्रमाणें एकवीसशें मुलें तपासलीं, आणि सारखेपणाचें माप एक-पंचमांश निघालें. तर त्या एकवीसशें मुलांपासून मिळणारें ज्ञान सुट्या निवडलेल्या अवघ्या चारशें वीस मुलांइतकेंच भरतें. म्हणून थोड्या शाळांतून पुष्कळ मुलें घेण्यापेक्षां पुष्कळ शाळांतून थोडीं मुलें घेणें श्रेयस्कर. खर्च व दगदग मात्र त्यानें वाढते.

या विद्येची खरी कसोटी राष्ट्रांराष्ट्रांची तुलना करतांना लागली. १९५८ सालीं हॅम्बुर्ग येथील युनेस्कोच्या शिक्षणसंस्थेंत कांहीं शिक्षणशास्त्रज्ञ जमले, आणि त्यांच्या विचारांतून बारा देशांची एक प्रायोगिक पाहणी निघाली. तींतील नमुने सोयीप्रमाणें जमविलेले असल्यामुळें देशादेशांतील फरकांवर फारसा भरंवसा ठेवतां येईना. हा धडा घेऊन १९६४ सालीं बारा देशांत गणिताची मोठी पाहणी झाली. नमुन्यांच्या आंखणींत गिल्बर्ट पीकर या इंग्रज शाळा-निरीक्षकांचा मोठा वांटा होता. पांच हजारांहून अधिक शाळा आणि एक लक्ष तीस हजारांहून अधिक विद्यार्थी तींत आले. टॉर्स्टन ह्यूसेन या स्वीडिश पंडितांनीं संपादिलेला वृत्तांत १९६७ सालीं बाहेर पडला.

त्या वृत्तांतांत शाळेच्या शेवटच्या वर्षीं गणित शिकणाऱ्यांत अमेरिकन विद्यार्थी सर्वांच्या मागें दिसले. परंतु पीक कोणत्या शेतांतून आलें हें पाहिल्यावांचून उताऱ्याची तुलना कशी करावी? अमेरिकेंत त्या वयाचीं बहुसंख्य मुलें शेवटच्या वर्षापर्यंत शाळेंत टिकत. पश्चिम जर्मनींत तेथवर मूठभरच पोंचत. ह्यूसेन यांनीं प्रत्येक देशांतील त्या वयोगटाच्या सारख्याच वरच्या अंशाची तुलना केली, तेव्हां अंतर पुष्कळच कमी झालें. शाळेचें दार सर्वांना उघडल्यानें हुशार मुलांचें नुकसान होतें, ही भीति त्या आंकड्यांनीं खरी ठरविली नाहीं. युरोपांत त्या काळीं माध्यमिक शिक्षण सर्वांस द्यावें कीं निवडकांस, हा वाद चालूं होता. नमुन्याची व्याख्या चुकती, तर अनेक मुलांच्या भवितव्याचा निवाडा चुकीच्या पुराव्यावर होता.

म्हणूनच पुढील पाहण्यांचे नियम कडक होत गेले. २००० सालीं सुरू झालेल्या ‘पिसा’ या पंधरा वर्षांच्या मुलांच्या पाहणींत प्रत्येक देशानें निदान दीडशें शाळा घ्याव्या, एखाद्या शाळेनें नकार दिल्यास तिच्या जागीं कोणती घ्यावयाची हें आधींच ठरवावें, आणि मुलांचीं नांवें मुख्याध्यापकांनीं न निवडतां पटावरून यदृच्छेनें काढावीं, असें ठरलें. शिक्षकाच्या हातीं निवड दिली, तर तो हुशार मुलेंच पुढें करणार. तो मनुष्यस्वभावच आहे! पहिल्याच खेपेस नेदरलंड्समध्यें फार थोड्या शाळांनीं होकार दिला, तेव्हां त्या देशाचे आंकडे तुलनेंतून वगळण्यांत आले.

हिंदुस्थाननेंहि १९७०-७१ च्या सुमाराच्या आंतरराष्ट्रीय पाहणींत भाग घेतला होता, आणि २०१० सालीं तमिळनाडु व हिमाचल प्रदेश हीं दोन राज्यें ‘पिसा’च्या कसोटीस उतरलीं. त्यांचे क्रमांक तळाशीं लागले, आणि त्यावर पुष्कळ वाद झाला. परंतु अशा कोणत्याहि पाहणीचा निष्कर्ष वाचतांना एक गोष्ट ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. शाळेच्या पटावरून काढलेल्या नमुन्यांत पटावरचींच मुलें येतात. जें मूल त्या वेळीं शेतांत राबतें किंवा घरीं धाकट्या भावंडाला सांभाळतें, त्याच्या नांवाची चिठ्ठीच त्या पेटींत नसते.

शितावरून भाताची परीक्षा करणारी गृहिणी म्हणूनच शहाणी. ती शीत घेण्याआधीं भात खालवर करते, आणि आपण कोणत्या पातेल्याविषयीं बोलत आहों हें तिला ठाऊक असतें.