परसबाग, गोठा आणि झऱ्याचे पाणी : त्रेविझोच्या लाल राडिक्योचा इतिहास

पिकांच्या इतिहासात एखाद्या पद्धतीचे श्रेय एकाच व्यक्तीला देण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते. इटलीच्या ईशान्येकडील वेनेतो प्रांतातील 'राडिक्यो' ही लाल पानांची, पांढऱ्या शिरांची व कडवट चवीची हिवाळी भाजी याला अपवाद नाही. वनस्पतिशास्त्रदृष्ट्या ती चिकोरीचीच एक जात होय. या चिकोरीचे मूळ भाजून कॉफीत मिसळले जाते आणि युनानी वैद्यक तिला 'कासनी' या नावाने ओळखते.

चिकोरीचा आहारातील वापर प्राचीन आहे. रोमन कवी होरेस याने आपल्या साध्या आहारात तिचा समावेश केला आहे, तर प्लिनीने तिच्या गुणांची नोंद केली आहे. परंतु तेवढ्यावरून आजच्या लाल राडिक्योला दोन हजार वर्षांची वंशावळ जोडणे उचित ठरत नाही. रोमनांची चिकोरी ही हिरवी पालेभाजी होती. त्रेविझोच्या राडिक्योला आजचे रूप देणारी प्रक्रिया मात्र एकोणिसाव्या शतकात नावारूपाला आली.

ही प्रक्रिया समजून घेतल्याविना श्रेयाचा प्रश्न नीट मांडता येत नाही. जून-जुलैत पेरलेले पीक पाने गोठविणारी थंडी किमान दोनदा खाल्ल्यानंतर, नोव्हेंबरपासून मुळांसकट उपटले जाते. थंडीमुळे पानांतील लाल रंग गडद होतो. त्यानंतर जुड्या बांधून त्या अंधाऱ्या जागी सुमारे ११ अंश सेल्सिअसच्या वाहत्या झऱ्याच्या पाण्यात मुळे बुडतील अशा ठेवतात. मुळात साठलेल्या अन्नावर आतून नवे कोंब फुटतात. प्रकाश नसल्याने त्यांत हरितद्रव्य तयार होत नाही. परिणामी शिरा पांढऱ्या, पाते लाल आणि कडवटपणा सौम्य होतो. शेवटी बाहेरची कुजकी पाने काढून टाकली जातात. टाकाऊ भासणाऱ्या जुडीतून अशी देखणी भाजी निघते.

प्रचलित मतानुसार हे तंत्र फ्रान्चेस्को व्हान डेन बोर्रे या बेल्जियन उद्यानतज्ज्ञाने, एका श्रीमंत घराण्याच्या बागेच्या कामासाठी त्रेविझोला आल्यानंतर, १८६० च्या सुमारास रुजविले. या मताला आधार नाही असे नव्हे. बेल्जियममध्ये चिकोरीची मुळे तळघरात, अंधारात पुरून पांढरे कोंब मिळविण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रस्थापित झाली होती. तथापि दोन्ही पद्धतींतील भेद दुर्लक्षिण्याजोगा नाही. बेल्जियन पद्धत मातीवर, तर त्रेविझोची पाण्यावर आधारलेली आहे. सिले ही नदीच मुळी जमिनीतून वर येणाऱ्या झऱ्यांची. तिचे पाणी हिवाळ्यातही गोठत नाही. अशा पाण्याचा उपयोग परक्या तज्ज्ञापेक्षा त्याच काठावर पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या शेतकऱ्याला आधी सुचला असणे अधिक संभवनीय वाटते. शिवाय तेथील शेतकरी कुटुंबे हिवाळ्यात परसातील चिकोरी उपटून गुरांच्या उबेत, गोठ्यात जगवीत असत. अंधार आणि ऊब यांचा कोंबांवर होणारा परिणाम त्यांच्या रोजच्या नजरेखालचा होता. धनिकाच्या बागेची नोंद कागदावर राहते, गोठ्याची राहत नाही. श्रेयाचा तोल एका बाजूला झुकण्याचे मूळ येथे असावे.

पुढे डिसेंबर १९०० मध्ये, लोम्बार्डीतून आलेले कृषितज्ज्ञ जुझेप्पे बेन्झी यांच्या पुढाकाराने त्रेविझो शहरात या भाजीचे पहिले प्रदर्शन भरले. गरिबाच्या ताटातील पाला त्यामुळे शहरी बाजारपेठेत प्रतिष्ठित झाला. बेन्झी यांचे हे कार्य निर्विवाद आहे. मात्र तेही प्रसाराचे होय, शोधाचे नव्हे. १९९६ मध्ये युरोपीय संघाने त्रेविझोच्या लाल व कास्तेलफ्रांकोच्या ठिपकेदार राडिक्योला संरक्षित भौगोलिक निर्देश दिला. त्याच्या नियमावलीत थंडीच्या दोन तडाख्यांची अट आणि झऱ्याच्या पाण्याचे तापमान नमूद आहे. नाव मात्र कोणाचेच नाही.

आज जगभरच्या परसबागांत प्रामुख्याने दिसतो तो क्योज्जाचा गोल, कोबीसारखा गड्डा. विसाव्या शतकातील निवडीतून आलेला हा प्रकार शेतातच आपोआप गड्डा धरतो. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात पेरून तो थंडीत वाढविला की पुरे. उकाड्यात मात्र त्याला फुलोरा येतो व पाने अतिशय कडू होतात. त्याला ना झरा लागतो, ना गोठा.