कातीव लाकूड : एका जुन्या कसबाची ओळख

आपले दाभोळ हे वाशिष्ठीच्या मुखावरील प्राचीन बंदर. बहामनी व आदिलशाही काळात येथून परदेशांशी मोठा व्यापार चाले. इ.स. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदा याने हे शहर जाळले. तरीही येथील दगडी मशीद आजही त्या वैभवाची साक्ष देते. दगडाचा इतिहास असा टिकतो. लाकडाचा मात्र आग, वाळवी आणि पाऊस यांत नाहीसा होतो. म्हणून लाकूड घडविणाऱ्यांच्या विद्येची नोंद करून ठेवणे अगत्याचे आहे.

देवकार्यासाठी लाकूड कसे निवडावे, याचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मूर्तीसाठी वनात जाऊन वृक्ष निवडण्याविषयी स्वतंत्र अध्याय आहे. देव्हाऱ्याचे गोल खांब, पाळण्याचे दांडे, घरातील लाटणे ही सारी कातकामाची लेणी. पूर्वी एकाने दोरी ओढून लाकूड फिरवायचे व दुसऱ्याने त्यावर पटाशी धरायची, अशी रीत होती. पुढे विजेचा लेथ आला.

नुकते तोडलेले लाकूड मऊ असते व सहज कातले जाते. परंतु खरी परीक्षा पुढेच असते. लाकडातील पाण्याचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांखाली गेले, की ते आकसू लागते. वलयांच्या दिशेने ते जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मेच मध्याकडे आकसते. त्यामुळे गोल वस्तू लंबगोल होते आणि मध्य आत ठेवलेला ओंडका बहुधा तडकतो. यावर उपाय असा, की ओलेपणी वस्तू जाड कातावी, टोकांना मेण लावावे, सावलीत सावकाश सुकवावी आणि मग पुन्हा कातून अखेरचा आकार द्यावा. कोकणच्या दमट हवेत तर हे काम अधिकच धीराचे.

आपल्या कोकणातील सावंतवाडीची लाकडी खेळणी व फळे सर्वपरिचित आहेत. त्यांसाठी पांगाऱ्यासारखे हलके लाकूड वापरीत. लाखकामात फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून बसते. पण आत ओल राहिली, तर तो रंग टिकत नाही.

जीर्णोद्धार म्हटला, की तिथी ठरलेली असते, मुंबईकर मंडळींच्या रजाही ठरलेल्या असतात. लाकूड मात्र कोणाच्या सवडीने सुकत नाही. म्हणून नव्या खांबाचे लाकूड आधीच्या वर्षीच आणून ठेवावे. तसेच जुना कातीव खांब काढण्यापूर्वी त्याची नीट पाहणी करावी. त्याचे आकसणे केव्हाच होऊन गेले आहे. तो किडलेला नसेल, तर घाईने घडविलेल्या नव्या खांबापेक्षा तोच अधिक भरवशाचा. पूर्वजांचे हे धन सर्व ग्रामस्थांनी जपावे, हीच नम्र विनंती.