शेवटचें हातभर अंतर

नवें यंत्र जुन्या घरांत शिरतें, तें बहुधा जुन्याच दारानें. अमेरिकेंत २००१ सालीं एक्सएम कंपनीनें उपग्रहावरून रेडिओप्रक्षेपण सुरू केलें. शेंकडों मैल ट्रक हांकणाऱ्यास मग वाटेंत स्टेशन शोधावें लागेना. परंतु ट्रकमधील मूळच्या स्टीरिओंत या पाहुण्यास जागा नव्हती. म्हणून कोणी रिसीव्हरची तार कॅसेटच्या आकाराच्या जोडणीनें आंत नेई, कोणी आवाज रिकाम्या एफएम लहरीवर सोडी. शहर येतांच तेथील बलिष्ठ स्टेशन ती क्षीण लहर गिळून टाकी. सुमारें ३६,००० किलोमीटर आलेला आवाज शेवटच्या हातभर अंतरांत हरपे! पुढें कारखान्यांनींच स्टीरिओला बाहेरच्या तारेसाठीं खांच ठेविली, आणि अडचण सरली. उपग्रह सोडणाऱ्यांचीं नांवें इतिहास लिहितो. ती खांच ठेवणाऱ्यांचेंही ऋण त्यानें मानावें.