लेसर त्रिमितीय मुद्रण (धातू व सिरॅमिक)

धातूची किंवा सिरॅमिकची भुकटी लेसर किरणाने वितळवून अथवा तापवून सांधत, थरावर थर चढवून वस्तू घडवण्याची पद्धत. कातकामात ठोकळ्यातला नको तो भाग काढून टाकतात, ओतकामाला साचा लागतो. येथे साचा नसतो. वस्तूच्या संगणकीय आराखड्याचे पातळ आडवे काप केले जातात आणि लेसर एकेक काप भुकटीवर रेखत जातो.

पद्धतीचा उगम अमेरिकेतील टेक्सस विद्यापीठात (ऑस्टिन) झाला. तेथे कार्ल डेकार्ड हा विद्यार्थी व त्याचे प्राध्यापक जो बीमन यांनी १९८०–९० च्या दशकाच्या मध्यास ‘निवडक लेसर सिंटरिंग’ विकसित केले. त्याचे पेटंट १९८९ मध्ये मिळाले. त्यात धातूचे कण पुरते वितळत नसत. राहिलेल्या पोकळ्या ब्राँझसारख्या दुसऱ्या धातूने भराव्या लागत. भुकटी पूर्ण वितळवून भरीव भाग करण्याचे पेटंट जर्मनीतील आखेनच्या फ्राउनहोफर लेसर तंत्रज्ञान संस्थेने १९९६ मध्ये दाखल केले. आजच्या बहुतेक धातुमुद्रण यंत्रांचे मूळ तेथे आहे.

धातूसाठी साधारण १५ ते ४५ मायक्रोमीटरची गोल कणांची भुकटी वापरतात. पाते ती केसापेक्षाही पातळ थरात पसरते आणि काहीशे वॉटचा फायबर लेसर तिला वितळवतो. ऑक्सिडीकरण टाळण्यासाठी कक्षात आर्गॉन भरतात. टायटॅनियमच्या बाबतीत यात हयगय चालत नाही. ऊर्जा कमी पडली तर थर नीट सांधत नाहीत, जास्त झाली तर धातूची वाफ होऊन आत छिद्रे राहतात. वितळलेला ठिपका क्षणार्धात थिजत असल्याने भागात मोठे ताण साठतात. म्हणून तळपट्टीवरून कापण्याआधी तो बहुधा भट्टीत तापवून घेतात. जाहिरातींत दिसणारे ‘बटण दाबा, भाग तयार’ हे चित्र कारखान्यात कुठेच आढळत नाही.

खरा फायदा दिसतो तो गुंतागुंतीच्या भागांत. ‘लीप’ या विमान इंजिनाची इंधन-तोटी पूर्वी सुमारे २० तुकडे जोडून बनत असे. आता ती एकसंध छापली जाते आणि सुमारे २५ टक्के हलकी आहे. इस्रोने पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याच्या पीएस-४ इंजिनाची याच पद्धतीसाठी फेररचना केली. त्यात १४ भागांचा एक भाग झाला व १९ वेल्ड जोड टळले. महेंद्रगिरी येथे ९ मे २०२४ रोजी हे इंजिन ६६५ सेकंद प्रज्वलित ठेवून तपासले गेले.

सिरॅमिकची गोष्ट निराळी. ॲल्युमिना २,००० अंश सेल्सिअसच्या वर वितळतो. सिलिकॉन कार्बाइड तर नेहमीच्या दाबाखाली वितळतच नाही, त्याचे विघटन होते. धातूसाठी वापरला जाणारा निकट-अवरक्त लेसर पांढरा ॲल्युमिना फारसा शोषत नाही. कार्बन डायऑक्साइड लेसरचा किरण तो शोषतो. पण मुख्य अडचण ठिसूळपणाची आहे. उकळता चहा ओतल्यावर काचेचा पेला तडकावा, तसा तापमानातील फरकाने भाग तडकतो. धातू थोडा वाकून ताण सोसतो. सिरॅमिकला ती सोय नाही. आखेनच्या संशोधकांनी झिर्कोनिया–ॲल्युमिना मिश्रणाचा थर दुसऱ्या लेसरने १,६०० अंशांच्या वर तापवून ठेवला आणि न तडकलेले, जवळपास पूर्ण भरीव नमुने मिळवले. त्यांचे वाकसामर्थ्य ५०० मेगापास्कलच्या वर गेले, पृष्ठभाग मात्र खडबडीत राहिला.

त्यामुळे उद्योगात रुळली ती आडवाट. सिरॅमिक भुकटी प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये कालवतात, अतिनील लेसरने आकार देतात, मग रेझिन सावकाश जाळून भाग भट्टीत भाजतात. भाजताना तो प्रत्येक दिशेने सुमारे २० टक्क्यांपर्यंत आकसू शकतो, म्हणून आराखडा आधीच तेवढा मोठा करावा लागतो. जाड भागांतून रेझिन बाहेर पडताना भेगा जातात. त्यामुळे ही पद्धत मुख्यतः लहान, पातळ भिंतींच्या भागांपुरती वापरली जाते.