शार्दूलविक्रीडितातला बाप

‘शोक’ आणि ‘रडणं’ आपण सहज शेजारी बसवतो, पण त्यांची घराणी वेगळी. शोक ‘शुच्’ धातूचा, म्हणजे जळण्याचा, तळपण्याचा. शुचि, शुक्र ही त्याचीच भावंडं. रडणं ‘रट्’वरून आलं, आणि रट् म्हणजे ओरडणं. विलाप ‘लप्’चा, बोलण्याचा, गवयाचा आलाप त्याचा सख्खा भाऊ. आग, आरडाओरड, बोलणं. आसवांचा कुठंच पत्ता नाही.

आसवं भेटतात ती नाटकाच्या मंडपात. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत धान निघालं की मंडई भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात आणि देसाईगंज-वडशाच्या कंपन्यांची नाटकं रात्रभर चालतात. नाटकातल्या लेकीच्या पाठवणीला मंडपात पदर डोळ्यांना लागतात. तिथल्या झाडीबोलीत श, ण, ळ नाहीत. शोकाचा सोक होतो, डोळ्याचा डोरा. लघु-गुरू मात्र जागचे हलत नाहीत, म्हणून वृत्त या बोलीतही मोडत नाही.

पाठवणीचा मोठा प्रवेश म्हणजे कालिदासाच्या ‘शाकुंतल’चा चौथा अंक, पालक पिता कण्व शकुंतलेला सासरी धाडतो तो. किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘संगीत शाकुंतल’चे आधी चारच अंक केले, त्या रात्री प्रेक्षक कण्वाचा निरोप पाहूनच घरी गेले असणार.

‘रघुवंशा’तल्या अजाच्या आणि ‘कुमारसंभवा’तल्या रतीच्या विलापाला कालिदासानं वियोगिनी वृत्त दिलं. एक चरण दहा अक्षरांचा, पुढचा अकरांचा. चाल जराशी लंगडी. कण्वाला ते दिलं नाही. त्याचा निरोपाचा श्लोक शार्दूलविक्रीडितात, म्हणजे वाघाच्या क्रीडेत! ताडोब्याच्या वाटेवरच्या माणसाला हे नाव खटकेल. नावावर जाऊ नये, चाल ऐकावी. सुरुवातीलाच तीन गुरू, जड पावलांसारखे. मग बाराव्या अक्षरावर यति, म्हणजे थांबा. हा यति ‘यम्’चा, आवरण्याचा, संयम त्याच घरातला. पहिल्या चरणात ‘हृदय’ हा शब्द नेमका यतीच्या तोंडाशी येतो. दुसऱ्यात अडवलेल्या आसवांनी कंठ दाटल्याचं कण्व सांगतो, आणि तेवढं सांगून होतं तोच नटाला यतीवर थांबावं लागतं. गळा दाटल्याचा अभिनय वेगळा करायला नको. जे नट इथं हुंदका घालतात, ते वृत्ताचं काम बिघडवतात असं माझं मत.

उघडं रडणं कालिदासानं रानाकडे सोपवलंय. हरिणींच्या तोंडातले दर्भ गळतात, मोर नाच सोडतात, वेली पिकली पानं ढाळतात. शकुंतलेनं ज्याच्या जखमेला इंगुदीचं, म्हणजे आपल्या हिंगणबेटाचं तेल लावलं, ते पाडस तिची वाट अडवतं.

श्लोकाच्या तिसऱ्या चरणाच्या शेवटी कण्व स्वतःला ‘अरण्यौकस’ म्हणवतो. ओकस् म्हणजे घर. ज्याचं घर अरण्यात तो. माझ्यासारख्या वनवासी विरक्ताची ही दशा, तर संसारी बापांचं काय होत असेल, असं तो विचारतो. हे वाक्य पुण्याच्या नाट्यगृहात एका अर्थानं पोचतं. झाडीतल्या कुरखेड्याच्या मंडपात बसलेला बाप मात्र अरण्यौकसही आहे आणि संसारीही. कण्वाच्या तुलनेतली दोन्ही माणसं तो एकटाच आहे.